खिळ्यावरची टोपी

“मिस्त्री आहेत का?”

ती जीपखाली उताणी पडून काम करत होती. तिला दिसत होते ते फक्त दोन बूट, घोट्याच्या वरपर्यंत चिखलाने माखलेले.

“आहेत,” ती म्हणाली. “खाली बघा.”

बूट गोंधळले. मग एक गुडघा जमिनीला टेकला आणि पाठोपाठ एक चेहरा खाली आला... घामेजलेला, टोपी घातलेला, आणि डोळे असे की आधी हसून घ्यायचे आणि मग विचार करायचा.

“म्हणजे... तुम्ही?”

“का? मिशा लावून येऊ?”

तो गुरांचा डॉक्टर होता. ट्रॅक्टरला बांधून त्याने एक जुनी पिकअप ओढत आणली होती. नदीपलीकडे सात वस्त्या होत्या आणि नदीवर पूल नव्हता. दरवर्षी तिकडची जनावरं साथीत मरायची, कारण लस अलीकडच्या काठापर्यंतच पोहोचायची. तीन आठवड्यांनी पाणी चढलं की चार महिने तिकडे जाणं बंद.

“ही गाडी नदी ओलांडेल का?” त्याने विचारलं.

गॅरेज तिच्या मामांचं. मामांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते खुर्चीत बसून होते. “मला विचारू नका,” ते म्हणाले. “गाडी हिची. सगळी हिनेच करायची.”

इतकी वर्षं ती मामांच्या हाताखाली होती. अख्खी गाडी एकटीने करायची ही तिची पहिलीच वेळ. तरी ती डॉक्टरला म्हणाली, “ओलांडेल.”

तो रोज संध्याकाळी यायचा. मदतीला म्हणून यायचा आणि बारा नंबरचा पाना मागितला की चौदाचा द्यायचा. एकदा तिने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. डोळे उघडले तर तो श्वास रोखून तिच्याकडे बघत होता.

“मी गाईच्या पोटाला कान लावतो ना,” तो हळूच म्हणाला, “तेव्हा वाटायचं, असलं ऐकणं फक्त मलाच येतं.”

तिने मूठ त्याच्या कानाशी धरली. “काय ऐकू येतंय?”

“दोन ठिकाणी टकटक... नाही, तीन.”

“तिसरी तुमचीच असेल.”

बोलून गेली आणि तिचेच कान तापले. खुर्चीतून मामा खाकरले. “एक डोळा झाकलाय गं माझा. कान उघडे आहेत.”

चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, मोठी चाकं चढली, गाडी चांगली दीड वीत उचलली गेली. पाण्यात इंजिनला हवा मिळावी म्हणून तिने एक जाड नळी टपापर्यंत नेली. पिकअप जॅकवरून उतरली तेव्हा डॉक्टर दोन पावलं मागे सरकला. दोन आठवड्यांपूर्वी मान टाकून आलेली गाडी आता ताठ उभी होती. “हे तुम्ही केलंत,” एवढंच तो म्हणाला. तिला त्या तीन शब्दांवर आठवडा काढता आला असता.

मामांच्या गॅरेजात एक नियम होता. दाराशेजारच्या मोठ्या खिळ्यावर शेवटी बसवायच्या वस्तू टांगायच्या. खिळा रिकामा झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

निघायच्या दिवशी सकाळी लशीच्या पेट्या चढल्या. तिने बजावलं, “पाण्यात घालण्याआधी गाडी अर्धा तास थंड होऊ द्यायची.”

“एकोणतीस मिनिटं चालतील?”

“तीस.”

तो गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती दारात उभी राहिली. वळली तर खिळ्यावर त्याची टोपी. विसरला वाटतं, म्हणत तिने हसत टोपी काढली... आणि हसू तिथेच विरलं. टोपीखाली दोन काळ्या रबरी नळ्या लोंबत होत्या.

चाकं फिरवणाऱ्या एक्सलला श्वास घ्यायला बारीक भोक असतं. तिथून नळी वर न्यावी लागते. नाही नेली, तर तापलेला एक्सल थंड पाण्यात पडताच पाणी आत ओढतो. गाडी नदी ओलांडते, कुणाला काही कळत नाही. दोन दिवसांनी तेलाची लापशी होते आणि गाडी बसते... डोंगरात, माणूस एकटा असताना, मागे चढलेली नदी.

“खिळा रिकामा नव्हता, मामा.” तिने नळ्या त्यांच्यापुढे धरल्या.

मामा रागावले नाहीत. खिशातून मोटारसायकलची किल्ली काढून त्यांनी पुढे केली. “मग इथे काय उभी राहिलीस?”

वीस किलोमीटर ती कशी गेली तिचं तिला ठाऊक. नदी दिसली, आणि काठावर पिकअप. कोरडी. शेजारच्या दगडावर डॉक्टर मनगटावरचं घड्याळ बघत बसला होता.

“अजून चार मिनिटं आहेत,” तो घाईघाईने म्हणाला. “मी काही मोडलं नाहीये.”

तिचा जीव भांड्यात पडला. ती बघतच राहिली. तिचा शब्द कुणी असा मिनिटामिनिटाने पाळेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“माझी चूक झाली, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ती गाडीखाली शिरली तेव्हा न मागता एक पाना आत आला. बरोबर बाराचा.

नळ्या बसल्या. त्याने दुसरं दार उघडलं. “बसा. आपण केलेली गाडी पाण्यात बघायची नाही? परत आणून सोडतो... पलीकडे तीस मिनिटं थांबून.”

आणि गाडी नदीत उतरली. पाणी चाकांवर आलं, दिव्यांवर आलं, बॉनेटपुढे एक तपकिरी लाट उभी राहिली. बुडणार, असं तिला वाटलं. पण तिच्या कानाशी, टपाजवळ, नळी शांतपणे श्वास घेत होती. एकेका दगडावर तिने चढवलेले पाटे वाकत होते, सावरत होते. तिने अशा गाड्या गॅरेजातच पाहिल्या होत्या. त्या इथे येऊन हे करतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पलीकडे चाकं लागली तेव्हा कळलं, तिने त्याचा हात घट्ट धरला होता.

काठावर माणसं गुरं घेऊन उभी होती, डोळे विस्फारून.

तिने हात सोडवून खिशातून टोपी काढली. “ही विसरलात.”

तो लाल झाला. “विसरलो नव्हतो... परत यायला काहीतरी कारण नको का?”

“या कारणापायी डोंगरात अडकला असतात.”

“हो,” तो ओशाळून म्हणाला. “मग... आता देणार टोपी?”

तिने टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. “ही खिळ्यावर जाईल. आणि खिळ्यावर काही असलं की सोडायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.”

“गाडी?”

“गाडी तर आज सोडली,” ती म्हणाली. “तुला नाही.”