सहाशे बारा घरांत गेलेला मेल

"ह्या सोसायटीचे मेल कोण बघतं?"

स्टुलावर उभा राहून नोटीस बोर्डाची ट्यूब बदलणाऱ्या माणसाला संघमित्रा गवईनं खालूनच विचारलं. आवाज असा, की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठला. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला खेटून असलेली ही गिरिछाया सोसायटी. अंधेरीचं ऑफिस अर्धा दिवस टाकून ती इथवर आली होती, ती काही चहा प्यायला नव्हे.

"काय काम होतं?" वरून आवाज आला.

"दोन शब्द ऐकवायचेत त्याला."

"ऐकवा ना. तोवर ही जुनी ट्यूब धराल का जरा?"

राग होताच, पण हात आपसूक पुढे झाला. ट्यूब हातात घेऊन ती बोलत सुटली.

आता तिच्या रागाचं कारण ऐका, म्हणजे तुम्हीही तिचीच बाजू घ्याल. संघमित्राची लॅब रक्ताच्या तपासण्या करते आणि दिवसाला साठेक हजार मेल पाठवते. हा मेल खरंच लॅबचाच आहे अशी मोहोर प्रत्येकावर असते, आणि ती सांभाळणं हे तिचं काम. सहा महिन्यांपूर्वी कुणा भामट्यानं लॅबच्या नावानं खोटे मेल धाडले होते... 'रिपोर्टमध्ये गंभीर आजार आहे, ताबडतोब इथे क्लिक करा.' घाटकोपरच्या सुंदराबाई नावाच्या एक मावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. फोनवर त्यांचं रडणं ऐकलं ते संघमित्रानंच. मग महिनाभर खपून तिनं कुलूप बसवलं. मोहोर जुळली नाही, की मेल थेट स्पॅममध्ये. किती मेल खरे ठरले याचा आकडा रोज सकाळी यायचा. अठ्ठ्याण्णव टक्के, कधी नव्व्याण्णव.

मंगळवारी तो एकाहत्तर झाला.

काय झालं असेल, असं कुणी विचारलं का? नाव नको. तिचे साहेब, दळवी सर, आकडा बघून एवढंच म्हणाले, "संघमित्रा, कशाला हात लावलास तू?" तिनं कशालाही हात लावला नव्हता. पण तीन वर्षं हेच चाललं होतं. सर्व्हर झोपला, संघमित्रा. प्रिंटरमध्ये कागद अडकला, संघमित्रा. आणि वर सरांनी मुदत घातली. शुक्रवारी अकरापर्यंत आकडा वर आला नाही, तर तिचं कुलूप निघणार आणि काम बाहेरच्या एजन्सीला जाणार. म्हणजे भामट्यांना रान मोकळं, आणि ठपका हिच्यावर.

अख्खा दिवस याद्या चाळून तिनं शोधलंच. खोटे ठरलेले झाडून सगळे मेल एकाच पत्त्यावरून पुढे गेले होते... गिरिछाया सोसायटी. रविवारी लॅबचं शिबिरही तिथंच झालेलं. तिनं बुधवारी सकाळी सोसायटीला खरमरीत मेल टाकला. उत्तर नाही. मग मात्र तिनं पर्स उचलली.

हे सगळं ऐकवून होईपर्यंत नवी ट्यूब लागली होती. तो खाली उतरला. तिशीच्या आतबाहेरचा, बाह्या दुमडलेला, कपाळावर धूळ. हसू दाबत होता, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

"म्हणजे 'कुणा शहाण्यानं' वाल्या तुम्हीच."

"काय?"

"तुमचा सकाळचा मेल. 'तुमच्या सोसायटीतल्या कुणा शहाण्यानं आमच्या नावाची वाट लावली आहे.' वाचला आम्ही. सहाशे बारा घरांनी."

"सगळ्यांनी?" तिनं विचारलं.

"ऑफिसच्या पत्त्यावर आलेला मेल आपोआप सगळ्या घरांना जातो," तो म्हणाला. "कमिटी काहीतरी लपवते, अशी लोकांची रोजची ओरड होती. म्हणून एकानं ही सोय करून दिली."

"आणि कुठे आहे तो शहाणा?"

"तो..." त्यानं तिच्या हातातली ट्यूब हळूच काढून घेतली. "केयूर राऊळ. मीच."

सोसायटीच्या ऑफिसात पंखा कुरकुरत होता. खिडकीशी केयूरचे आजोबा, नाना, पेपर वाचत बसले होते. केयूर दिवसा सांताक्रूझला विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांची देखभाल करतो आणि संध्याकाळी सोसायटीची फुकट हमाली, हे तिला नानांनीच न विचारता सांगितलं. तिनं मेलची पेटी उघडायला लावली, आणि तिचं डोकं पुन्हा तापलं.

शिबिरात एकशे वीस म्हातारी माणसं आली होती. निम्म्यांना मेल म्हणजे काय ते ठाऊक नाही. फॉर्मवर ईमेल लिहा म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून सोसायटीचाच पत्ता लिहून टाकला होता. रोज चाळीस रिपोर्ट येणार, आणि एकेकाच्या सहाशे बारा प्रती निघणार.

"चोवीस हजार," ती म्हणाली. "दिवसाला चोवीस हजार मेल, आमच्या नावानं. आणि तळाला ही ओळ कसली? 'पाणी जपून वापरा, व्यवस्थापक समिती'?"

"ती आपोआप लागते. उन्हाळ्यात टाकली होती."

"लाख लावून बंद केलेलं पाकीट तू मध्येच फोडलंस आणि आत आपली चिठ्ठी घातलीस. मग पोस्टमन म्हणणारच ना, की हे लॅबचं नाही?" रागाच्या भरात तुम्हीचं तू झालं होतं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"पण मेल स्पॅममध्येच गेले ना? कुणी वाचले नसतील."

"रिटायर माणसा स्पॅम पयलो वाचतत," नाना पेपराआडून म्हणाले. "माझी साखर तपासली ह्या सगळ्या सोसायटीक कळला. रिपोर्टाक कुलूप आसा म्हणतत, पण पाकिटावर नाव नि तपासणी आसा मा? सोमवारपासून मेले सगळे बिनसाखरेचो चाय पाजतत माका."

केयूरचं हसू तेव्हा कुठं मावळलं. त्यानं घरोघर मेल धाडणारी सगळी जोडणी तोडली, पाण्याची ओळ पुसली, आणि एकशे वीस जणांची यादी काढली.

"उद्या प्रत्येकाच्या दारात जातो. माफी मागतो आणि घरातल्या कुणाचा तरी मेल लिहून आणतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सामान चुकीच्या पट्ट्यावर गेलं तर मला लांबून कळतं. हे नाही कळलं."

असं वाकड्यात न शिरता कबूल करणारा माणूस समोर आला की भांडायचं कसं, हे संघमित्राला ठाऊकच नव्हतं. नानांनी पुढं केलेला चहा तिनं घेतला. बिनसाखरेचा होता, तरी संपवला. रिक्षापर्यंत तो सोडायला आला, तेव्हा ती रस्त्याकडे बघत होती... आणि तो तिच्याकडे.

गुरुवारी रात्री आठ वाजता यादी आली. एकशे वीस नावं, एकशे वीस पत्ते. खाली एकच ओळ, 'नानांचा पत्ता माझा आहे. आता साखर फक्त मला कळेल.' ती एकटीच हसली.

शुक्रवारी सकाळी आकडा आला, अठ्ठ्याण्णव. तुम्हाला वाटेल, सर शाबासकी देतील. कसली शाबासकी. दळवी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बघितलंत? आपोआप वर आला. म्हणजे हिनंच काहीतरी बिघडवलं होतं आणि गुपचूप नीट केलं. एजन्सीला बोलावतोच मी."

शोधलं तिनं, धावली ती, आणि चोरही तीच? सोसायटीचं सगळं ती सांगत होती, पण सर मान हलवत होते, पुरावा काय म्हणून.

तेवढ्यात रिसेप्शनवरच्या सपनानं आत डोकावून सांगितलं, "सर, बोरीवलीहून कुणीतरी आलंय. तुम्हालाच भेटायचं म्हणतात."

केयूर आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सोसायटीचं लेटरहेड, खाली गोल शिक्का आणि अध्यक्षांची सही. त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि सरांकडे बघून सरळ सांगितलं, "चूक माझी होती. ह्यांनी ती शोधली. ह्यांचं कुलूप होतं म्हणूनच तर ती दिसली. ते काढलंत तर पुढच्या वेळी दिसायचीही नाही."

सरांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. "एजन्सीचं... राहू दे मग," एवढंच पुटपुटले, आणि तिच्या नजरेला नजर न देता केबिनमध्ये गेले.

बाहेर जिन्यात ती त्याच्यावरच तडकली. "कुणी सांगितलं होतं यायला? रजा टाकलीस ना?"

"अर्धा दिवस. तूही टाकली होतीस."

तीन वर्षांत 'चूक माझी' हे दोन शब्द ह्या ऑफिसात तिनं कुणाच्याच तोंडून ऐकले नव्हते. डोळे भरले, आणि ते लपवावेसे तिला वाटले नाहीत.

"अजून एक कबुली आहे," तो म्हणाला. "लेटरहेडवर नाही लिहिता आली. त्या दिवशी तू ट्यूब धरून भांडत होतीस ना... मला वाटलं, ही कधी माझ्या बाजूनं अशी भांडली तर..."

"भांडेन," ती म्हणाली. उत्तर इतकं पटकन आलं की दोघंही दचकले. "पण त्या दिवशी चूक तुझी नसली पाहिजे."

"आणि असली तर?"

"तर आधी तुझ्याशी भांडेन. मग तुझ्या बाजूनं."

तो हसला. ह्या वेळी ते हसू तिला आवडलं. "नानांना सांगू?"

"सांग," ती डोळे पुसत म्हणाली. "सहाशे बारा घरांना कळलं तरी चालेल."