दिलासाघरातली वाटी

परंड्यात दर्ग्याच्या आवाराला चिकटून एक खोली होती. तिला सगळे दिलासाघर म्हणत. मधोमध जाड गोणपाटाचा पडदा, पलीकडं सांगणाऱ्यासाठी चटई, अलीकडं ऐकणाऱ्या बाईसाठी पाट, पाण्याचा माठ आणि कोनाड्यात पितळी वाट्या. बाकी सामान म्हणून काही नव्हतं.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या बायाबापड्या दर्ग्यात येऊन भिंतीशी बोलायला लागल्या, तेव्हा तिथल्या बुजुर्ग खाजाभाईंनी ही खोली उघडली. हिंदू येवो, मुसलमान येवो. "भिंतीला सांगण्यापरीस माणसाला सांगा. ऐकणारा खुदा, आपला नुसता कान," असं ते म्हणत. नाव विचारायचं नाही, कारण त्या दिवसांत नाव सांगायलाच माणसं भीत होती. पडदा उचलायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलणं संपलं की पडद्याखालून वाटीभर पाणी सरकवायचं आणि एवढंच म्हणायचं, "ऐकलं."

तो कान म्हणजे खैरुनबी. अख्ख्या तालुक्याचं रडं पोटात घालणारी ही बाई स्वतःचं मात्र चकार शब्दानं कुणाला सांगत नव्हती. तिचा नवरा जलील कल्हईवाला, पितळी भांडी तापवून आतून पांढरं कथील चढवणारा. ॲक्शनच्या धामधुमीत कल्हईचा नवसागर आणायला म्हणून कुर्डुवाडीकडं गेला, तो गेलाच. ना निरोप, ना मयत. बायका म्हणायच्या, आता इद्दतीला बस, नवऱ्यामागं घरात बसून पाळायचा शोक पाळून टाक. खैरुनबी फटकन म्हणायची, "मयत दाखवा, मग बसते."

रोज संध्याकाळी ती दोन ताटं वाढायची. दुसऱ्या ताटातलं सकाळी कोंबड्या खायच्या. दिलासाघरातल्या वाट्यांची कल्हई कधीच उडाली होती, पाण्याला पितळेची चव यायची. पण दुसऱ्या कल्हईवाल्याला ती वाट्यांना हात लावू देत नसे. अशी हट्टी बाई.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात, अस्रच्या, दिवस कलतानाच्या नमाजानंतर, पडद्यापलीकडं कुणीतरी येऊन बसलं. पावलांचा आवाज झाला नव्हता. आधी वास आला. तापल्या भांड्यावर टाकलेल्या नवसागराचा, नाकात झोंबणारा. खैरुनबी पाटावरून अर्धी उठली. मग तिनं स्वतःलाच दटावलं. गावात दुसरे कल्हईवाले होतेच की!

"रोज घरी जातो म्या," पलीकडचा पुरुष म्हणाला. जलीलचा आवाज बाजारभर घुमायचा. हा घसा पार बसलेला होता. "बायको ताट वाढती. म्या समोर बसतो. ती बघतच न्हाय."

तिनं पाणी सरकवलं. "ऐकलं."

वाटी परत आली ती भरलेलीच. पाणी ओतलं तेव्हा तळाशी नखाएवढी जागा पांढरी चकाकताना दिसली. उन्हाची तिरीप असेल, असं म्हणून तिनं वाटी ठेवून दिली.

तो येत राहिला. बोलणं तेच. वाटीतली पांढरी जागा मात्र वाढत गेली. खैरुनबीनं राखेनं घासून पाहिली, निघाली नाही. कितीदा तरी तिचा हात पडद्यापर्यंत गेला. पण पडदा उचलला आणि पलीकडं भलताच कुणी निघाला तर? आणि तोच निघाला तर? दोन्ही तिला सोसणार नव्हतं. त्या बिचारीनं तरी काय करावं?

शेवटी तिनं खाजाभाईंना गाठलं. "वाट बघणारं माणूस गेलेल्याला अडकवून ठेवतं का हो, खाजाभाई?"

कुणाला सल्ला न देणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी नियम मोडला. "ताट उचल, बेटी. जाऊ दे त्याला."

त्या संध्याकाळी तिनं जलीलचं ताट घासून माळ्यावर पालथं ठेवलं. बांगड्या उतरवल्या. आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. ती गुरासारखी ओरडून रडली. आळीतल्या बायकांनी सुटकेचा निश्वास टाकला. खैरुनबी इद्दतीला बसली. दिलासाघरातल्या पाटावर तिच्या जागी शेजारची फरिदाबी बसू लागली.

इद्दत संपवून खैरुनबी परतली तेव्हा अस्रचा नमाज नुकताच झाला होता. दारातच तिला तो वास आला.

फरिदाबी पाटावर अंग चोरून बसली होती.

"एक जण रोज येतो, आपा. आत्ताच उठला बघा."

"काय म्हणतो?"

"एकच विचारतो."

"काय?"

"म्हणतो, बायकोनं ताट उचललं. आता म्या कुठं बसू?"

खैरुनबीनं पडदा बाजूला ओढला. चटई रिकामी होती.

तिनं कोनाड्याकडं पाहिलं. सगळ्या वाट्या आतून पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. तिनं कडेची उचलली.

वाटी अजून गरम होती.