रिकाम्या खोलीचा आकडा

"ताई, अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि या. धाकटीचं खोटं पकडलंय."

फोनवर थोरली भावजय होती. बातमी वाईट होती, पण आवाजातला आनंद तिला काही लपवता येत नव्हता. ताई इस्पितळात लोकांचे कान तपासायची. समोर काचेच्या खोलीत एक पेशंट हेडफोन लावून बसला होता. त्याची तपासणी कशीबशी उरकून तिने पर्स उचलली.

खरं सांगायचं तर ताईलाही आनंदच झाला होता. फरक इतकाच, की थोरलीला धाकटी नको होती आणि ताईला दोघीही.

माहेरचा धंदा आवाज न करणारे कॉम्प्युटर बांधायचा. गिऱ्हाईक म्हणजे ज्यांचं पोट आवाजावर चालतं ते, रेकॉर्डिंग करणारे, पुस्तकं वाचून दाखवणारे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पंख्याचा कूलर बसवावा लागतो, आणि तोच मेला घूं घूं करतो. प्रत्येक कंपनी खोक्यावर छापते की आमचा कूलर इतकेच डेसिबल आवाज करतो. किती अंतरावरून मोजला, पंखा किती वेगात होता, हे मात्र कुणी छापत नाही. बाबा म्हणायचे, खोक्यावरचा आकडा म्हणजे आईने सांगितलेला मुलाचा स्वभाव. म्हणून त्यांनी घराच्या मागच्या बाजूला मोजणीची खोली केली होती. भिंतींना जाड फोम, दुहेरी दार, मधोमध स्टँडवर आवाजाचा मीटर.

तो फोम एकोणिसाव्या वर्षी ताईने स्वतःच्या हाताने चिकटवला होता. लग्न झालं आणि खोली थोरलीकडे गेली. आता सहा महिन्यांपूर्वी आलेली धाकटीही तिथे बसायला लागली होती. चौदा वर्षं झाली तरी त्या दाराशी गेलं की ताईच्या पोटात दुखायचं.

ती पोचली तेव्हा पुढच्या वर्कशॉपमध्ये सगळे होते. दोघे भाऊ तोंड पाडून बसले होते. बाबा आपल्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते. धाकटीचे डोळे सुजले होते.

थोरलीने एका दमात सगळं सांगितलं. ती तीन आठवडे माहेरी होती, आईचा पाय मोडला म्हणून. त्या काळात धाकटीने एक नवा कूलर मोजला आणि वहीत एकोणीस डेसिबल लिहिले. तेवढ्यावर आठ कॉम्प्युटर बांधून एका रेकॉर्डिंगवाल्या बाईंना दिले. आज सकाळी बाईंचा फोन आला. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये बारीक शिट्टी येतेय, मी चार वाजता घरी येते, जाब द्या.

"मी शिल्लक राहिलेला कूलर मोजला," थोरली म्हणाली. "अठ्ठावीस भरला."

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "ज्याने खोटा आकडा लिहिला, त्याने पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. चार वाजता बाईंना नाव सांगायचं. ताई, तू बाहेरची. तू ठरव."

"तिचं नाव सांगितलंत तर आम्ही वेगळं घर बघतो," धाकटा भाऊ म्हणाला.

बाहेरची हा शब्द ताईला टोचला. पण तिने मनात हिशेबही केला. धाकटी गेली, थोरलीचा एक पाय आजारी आईकडे, म्हणजे खोली कोणाकडे येणार?

तेवढ्यात वीज गेली. बाबांच्या टेबलाखालचा यूपीएस चिरक्या आवाजात ओरडायला लागला. थोरलीने कपाळाला आठ्या घातल्या, धाकट्याने "बंद करा ते" म्हटलं. शेवटी थोरलीच वाकून बाबांच्या पायाशी हात घालू लागली.

"काय शोधतेस?" बाबांनी पाय मागे घेत विचारलं.

थोरलीने बटण दाबलं. दोन मिनिटांत वीजही परत आली. बाबांचं मन आज ठिकाणावर नाही, असं ताईला वाटलं. तिने धाकटीला मोजणीच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"मीटर कुठे होता?"

"कपाटात. त्याला कुलूप नसतं."

"कसं मोजलंस?"

"वहिनींनी शिकवलं तसंच. आधी सगळं बंद करून रिकामी खोली मोजली. मग पंखा पूर्ण वेगात, हातभर अंतरावरून. दोनदा."

"खोक्यावर किती होते?"

"एकोणीस."

"आणि तुझेही एकोणीसच. कंपनीचा आकडा असा तंतोतंत जुळलेला या घरात कोणी पाहिलाय का?"

"मला काय माहीत, ताई? मला येऊन सहाच महिने झालेत."

"तुला स्वतःला काय ऐकू आलं?"

धाकटीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शिट्टीसारखं काहीतरी वाटत होतं. म्हणून बाबांना हाक मारली. त्यांनी कान अगदी जवळ नेला आणि म्हणाले, छान शांत आहे. मीटरही तेच सांगत होता. मग मी कोण बोलणार?"

आता म्हाताऱ्याच्या आड लपते, ताईच्या मनात आलं. शहाणी आहे. सहा महिन्यांत बाबांची लाडकी झाली, ते काय उगीच?

मग तिने थोरलीला बोलावलं.

"सकाळी तू मोजायला बसलीस तेव्हा मीटर कुठे होता?"

"बाबांच्या हातात. बाईंचा फोन आला तसा त्यांनीच काढला. म्हणाले, थांब, सेल बदलून देतो, मग मोज."

"रिकामी खोली किती होती?"

"बावीस. नेहमीसारखी."

"आणि कूलर अठ्ठावीस. नक्की?"

"दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तर मजा आली, खोटं कशाला बोलू?"

"माहेरी जाण्याआधी मीटरला हात लावला होतास? धाकटी तोंडावर पडावी म्हणून?"

थोरली हसली. "ताई, तेवढं सुचलं असतं तर मी माहेरी गेलेच नसते. इथे बसून बघितलं असतं."

ती गेली. ताई एकटी उरली. तिने मोजणीची वही उघडली. वहीत दोन रकाने होते. डावीकडे रिकामी खोली, उजवीकडे कूलर. सकाळपासून सगळ्यांनी उजवा रकाना दहादा पाहिला होता. डावीकडे कोणी कशाला बघतंय? रिकाम्या खोलीत असतं काय?

ताईने डावीकडून बोट फिरवलं. बावीस, बावीस, तेवीस, बावीस. सगळी थोरलीच्या हातची. शेवटची नोंद धाकटीची.

तेरा.

भिंती त्याच, फोम तोच, दारामागची गल्ली तीच. खोली एकाएकी नऊ डेसिबलने शांत कशी होईल? ताईला उकळ्या फुटल्या. बाईसाहेबांनी रिकाम्या खोलीचा आकडासुद्धा मनाने लिहिला होता. याहून पक्का पुरावा काय हवा?

मग सवयीने तिने वजाबाकी केली. आज अठ्ठावीस आणि बावीस, फरक सहा. त्या दिवशी एकोणीस आणि तेरा. फरक सहा.

ताई स्टुलावर बसली. आनंद कुठल्या कुठे गेला. मनाने आकडे लिहिणाऱ्याला ते सहा साधले नसते. आणि लबाडी करायचीच होती तर वरच्या ओळीतले बावीस उतरवणं सोपं होतं. धाकटीने जे दिसलं ते लिहिलं होतं. मीटरच नऊने कमी दाखवत होता.

तिने मीटर उलटा केला. कडेला तो जुळवायचा बारीक स्क्रू असतो. त्याला कोणी हात लावू नये म्हणून दिलेला लाल लाखेचा ठिपका मधोमध फुटला होता. कोणीतरी तो फिरवला होता आणि आज सकाळी पुन्हा जागेवर आणला होता. रिकामी खोली बावीस दाखवेपर्यंत फिरवलं की झालं.

काय शोधतेस?

तो प्रश्न तिला आत्ता पुरता ऐकू आला. दिवसाला वीस कान तपासणारी ती. वय झालं की आधी बारीक, चिरके आवाज जातात, बोलणं मात्र ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला कळतही नाही, हे ती रोज वीस जणांना समजावून सांगत होती. आणि आज दोन तास ती भावजयांची तोंडं बघत बसली होती. बाबांकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाला दुसरं काही दिसत नाही, तिलाही दिसलं नाही.

साडेतीन झाले होते. आता फक्त गप्प बसायचं होतं. अर्ध्या तासात धाकटीचं नाव सांगितलं जाईल, आणि खोली ताईची. तिला ती खोली हवी होती. अजूनही हवी होती. पण सहा म्हणजे सहा. आकड्याशी लबाडी करायची नाही, हे तिला याच स्टुलावर शिकवलं होतं, आणि शिकवणारे बाबाच होते.

तिने सगळ्यांना आत बोलावलं.

"बाबा, इकडे पाठ करून बसा. पंखा सुरू झाला की बोट वर करा."

"हे काय नवीन?" बाबा कुरकुरले, पण बसले.

तिने कूलर चालू केला. शिट्टी सुरू होताच थोरल्याने तोंड वाकडं केलं. धाकटीने थोरलीकडे बघितलं. बाबांचं बोट गुडघ्यावरच होतं. ताईने तीसपर्यंत मोजलं आणि पंखा बंद केला. खोलीत कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. बऱ्याच वेळाने, सगळे इतके गप्प का म्हणून की काय, बाबांनी बोट वर केलं.

"पंखा केव्हाच बंद झालाय, बाबा," ताई त्यांच्यासमोर येऊन म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. डावा रकाना, तेरा, सहाचा फरक, फुटलेली लाख. "थोरली तीन आठवडे इथे नव्हती. धाकटीला स्क्रू फिरवायचा म्हणजे काय तेच माहीत नाही, नाहीतर तिने तेरा असं उघडं लिहून ठेवलं नसतं. फोन आल्यावर थोरलीच्या आधी मीटर तुमच्याच हातात होता. आणि या घरात तो कूलर शांत वाटणारा माणूस एकच आहे."

बाबांनी मीटरकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि दुसरंही काही. सवतीकडे बघावं तसं ते बघत होते.

"चाळीस वर्षं लोक मला विचारायचे," ते म्हणाले. "काका, ऐकून सांगा. मी कान लावायचो आणि सांगायचो. आता सगळे थोरलीला विचारतात, मीटरने किती दाखवलं? नवा कूलर आला तेव्हा मी आधी एकट्याने लावून पाहिला. मला काही ऐकू येईना. खोक्यावर एकोणीस, आणि हा डबा म्हणतो अठ्ठावीस. मला वाटलं, चुकतोय तर हाच. मी त्याला ताळ्यावर आणला."

"खोक्यावरच्या आकड्यावर?" थोरला भाऊ म्हणाला.

"हो. जन्मात पहिल्यांदा." बाबांचा आवाज खाली गेला. "आज फोन आला तेव्हा कळलं, डबा बरोबर होता. मग मागे फिरवला. आणि गप्प बसलो."

"माझं नाव सांगणार होतात?" धाकटीने विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

मग ते ताईकडे वळले. "खोली आता तू घे. तुझीच होती."

चौदा वर्षं ताईला हे वाक्य हवं होतं. हो म्हणावंसं तिला फार वाटलं.

"शिट्टी हिला ऐकू आली होती," ती धाकटीकडे बोट करत म्हणाली. "खोली ही आणि थोरली बघतील. फक्त यापुढे कोणी शांत आहे म्हटलं, तरी तुला ऐकू आलं ते तू वहीत लिहायचं. समजलं?"

धाकटीने मान हलवली. ताईच्या जिवाची तगमग होतच होती. थोरलीचा चेहराही उतरला होता. दोघींची नजरानजर झाली आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघींना एकमेकींचं अगदी पटलं.

दारावर थाप पडली. रेकॉर्डिंगवाल्या बाई आल्या होत्या. धाकटा उठत होता, पण बाबांनी त्याला बसवलं आणि स्वतः पुढे गेले. मागोमाग ताईही गेली.

"काका, तुमचा कान म्हणून मी आजवर कुठला कॉम्प्युटर तपासून घेतला नाही," बाई उंबऱ्यातूनच बोलायला लागल्या. बोलता बोलता त्या पिशवीतली कागदपत्रं काढायला खाली वाकल्या, आणि पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातल्या तोंडात राहिलं.

बाबांनी एकदा मागे, ताईकडे बघितलं.

"काय म्हणालात?" बाबांनी विचारलं. "जरा मोठ्याने बोला, बाई. मला कमी ऐकू येतं. चूक माझीच आहे."