यादीतली दहावी जागा

"ह्या बाईला सिनेम्यातलं काय कळत न्हाय."

अलिबागच्या थिएटरच्या पोर्चमध्ये सोनल पाऊस उघडायची वाट बघत उभी होती. खेळ सुटून गर्दी केव्हाच पांगली होती. उरले होते ती, भजीवाला आणि हा एक उंच, अर्धवट भिजलेला माणूस. तिकीट खिडकीशेजारी चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवून, कोणी विचारलेलं नसताना, तो आपलं मत देत होता.

"कुठल्या बाईला?" सोनलने साळसूदपणे विचारलं.

"ही यादी लिवते तिला. 'शुक्रवारची वाट' म्हने. पुढं येनारे दहा सिनेमे लिवलेत. त्यात आमचा न्हाय."

"तुमचा? म्हणजे तुम्ही हिरो?"

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळे हसरे होते, पण दुखावला होता तो खरोखरच. "हिरो न्हाय. होडी."

"होडी?"

"सिनेमात एक होडी हाय. ती आमी बांधली. मी आन् माझ्या बापानं."

सोनलने ओठ दाबून धरले. "मग कळवायचं ना त्या बाईंना. मी ओळखते."

"कशा हायत?"

"जरा हट्टी आहेत. बाकी बऱ्या आहेत दिसायला... रोज सकाळी आरशात भेटतात."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. भजीवाल्याने झारा थांबवला. आणि त्या उंच माणसाचे कान हळूहळू, खालून वर, लाल होत गेले.

"मला तसं म्हनायचं नवतं—"

"तसंच म्हणायचं होतं. राहू दे. नाव काय?"

"'खाडीपल्याड'."

"सिनेमाचं नाही हो. तुमचं."

"गणराज," तो म्हणाला, आणि पावसात चालू लागला. चार पावलांवर परत आला, कारण छत्री भजीवाल्याच्या बाकावर राहिली होती.

सोनल मूळची तळा गावची. गावात थिएटर नव्हतं. लहानपणी तिच्यासाठी सिनेमा म्हणजे वर्तमानपत्रातली चौकट: 'लवकरच येत आहे'. वर्षाला बघायला मिळायचे दोन, वाट बघायची मात्र पन्नासांची. त्यामुळे तिचा हात वाट बघण्यातच बसला. आता ती तीस वर्षांची होती, अलिबागला कोर्टाजवळ एका वकिलांकडे प्रतिज्ञापत्रं टाइप करायची आणि दर तीन महिन्यांनी मोबाइलवर नऊ हजार लोकांना आपली यादी पाठवायची. थिएटरचा मॅनेजर ती छापून भिंतीवर लावायचा. आलेल्या सिनेमावर ती अवाक्षर लिहीत नसे. बघून झाल्यावर सगळेच शहाणे होतात, असं तिचं म्हणणं. न बघता आशा धरायला खरी अक्कल लागते.

आणि प्रत्येक सिनेमाखाली ती एक नाव द्यायची, पोस्टरवर कधीच नसतं असं. 'तेरावं बिऱ्हाड' या भुताच्या सिनेमासाठी तिने आवाजवाल्याचं नाव दिलं होतं, कारण त्याने म्हणे चाळीस जुन्या दारांची करकर गावोगाव फिरून गोळा केली होती. 'जावयाची बदली'चा लेखक नोकरीने तलाठी होता. तिसरा एक मल्याळम सिनेमा, दीपगृहावरच्या माणसाचा. सोनलला मल्याळम येत नव्हतं, पण ट्रेलरमध्ये दीड मिनिट कोणी बोलतच नव्हतं, म्हणून तिला तो पूर्ण कळला होता.

नियम तीन होते आणि ते यादीच्या तळाशी दरवेळी छापलेले असत. एक, फुकट तिकीट घ्यायचं नाही. दोन, आधी कोणी दाखवला तरी बघायचा नाही. तीन, आपल्या माणसाचा सिनेमा यादीत घ्यायचा नाही. या तिसऱ्यापायी तिने सख्ख्या आतेभावाचा सिनेमा गाळला होता. आत्या दोन वर्षं बोलली नव्हती आणि सोनलला त्याचा, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानच होता.

पुढच्या रविवारी, भजीवाल्याकडून पत्ता काढून, ती मिनीडोर रिक्षात चेपून बसून रेवसच्या बाजूला गेली. होडी बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

होडी तिथे नव्हती, ती सिनेमावाले घेऊन गेले होते. खाडीच्या काठावर दुसरी एक अर्धी बांधलेली उभी होती आणि तिच्या पोटाखाली बसून गणराजचा बाप येसाजी, पाणी झिरपू नये म्हणून, फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासत होता.

"यादीवाली बाय ती हीच?" त्याने विचारलं. "बस. ओंडक्यावर बस, खुर्ची न्हाय."

मग शेजारी फळी तासत बसलेल्या गणराजने सांगायला घेतलं. सिनेमावाल्यांना होडी हवी होती चाळीस वर्षं जुनी दिसणारी, आणि मधल्या एका प्रसंगात बुडणारी. त्यांनी सांगितलं, जरा कच्चीच बांधा, सांधे सैल ठेवा.

"आन् बाबा व्हय व्हय म्हनाले," गणराज म्हणाला, "आन् बांधली पक्की."

"कच्ची बांधायला येतच न्हाय," येसाजी कापसावरून नजर न उचलता म्हणाला. "हातच वळत न्हाय तसा."

"मंग काय. शूटिंगच्या दिवशी हिरो आत, कॅमेरा तयार, शंभर मानसं काठावर. होडी बुडेना. दगड भरले. बुडेना. भोक पाडलं, तर पानी येनार इतक्यात लाकूड फुगून भोक बुजलं. दोन दिवस, म्याडम! सगळं गाव बघायला. डायरेक्टर डोकं धरून बसलेला आन् आमची म्हातारी मानसं टाळ्या वाजवतायत. मंग त्यानं शेवटच बद—"

सोनलने दोन्ही कानांवर हात ठेवले. "शेवट सांगायचा नाही."

"पन तीच तर गम्मत—"

"सांगितलात तर परत येणार नाही."

गणराजने तोंड मिटलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "म्हंजे न्हाय सांगितला तर... येनार?"

येसाजी कापूस ठासता ठासता खोकला. खोकल्यात हसू होतं.

तर ती येत राहिली. पाऊस सरत आला, खाडीवरची हवा कोरडी होत गेली, आणि सोनलचे रविवार त्या ओंडक्यावर जाऊ लागले. गणराज एरवी बडबड्या, पण शेवट पोटात ठेवून ठेवून त्याची दशा झाली होती. मध्येच बोलायला जायचा, तिची भुवई वर चढलेली बघून गिळायचा. त्याऐवजी मग तो तिलाच विचारायचा, आता कुठला सिनेमा येतोय, त्यात काय असेल. आणि ती सांगायची. पाहिलेला नाही तो सिनेमा नुसत्या पोस्टरवरून असा रंगवायची, की त्याच्या हातातली लाकूड तासायची वाकस हवेतच राहायची.

"एवढी वाट बघायची," तो एकदा म्हणाला, "आन् सिनेमा भिकार निघाला तर?"

"तर पुढच्याची बघायची."

"थकत न्हाय?"

"सिनेमांची बघून नाही थकत," ती म्हणाली. मग उगाच वहीत काहीतरी लिहू लागली. त्याने तिच्या केसांत अडकलेला कापसाचा पुंजका बोटाने अलगद काढला आणि दोघांनीही तसं काही झालंच नाही असं दाखवलं.

इकडे येसाजीने मात्र धक्क्यावर दवंडी पिटली होती. लाँचच्या खलाशापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं की दिवाळीआधीच्या यादीत 'खाडीपल्याड' येणार आणि खाली नाव येणार: येसाजी. नऊ हजार लोक वाचणार. चहावाला रोज विचारायचा, "आलं का नाव?" आणि येसाजी म्हणायचा, "येतंय."

यादीची वेळ आली. शनिवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर सोनल टाइप करायला बसली. पहिल्या क्रमांकावर 'खाडीपल्याड'. खाली दोन ओळी आणि येसाजीचं नाव. चांगलं झालं होतं, खरं होतं, एक शब्द खोटा नव्हता. मग ती तळाच्या नियमांपाशी आली आणि तिसऱ्यावर तिचं बोट अडलं.

आपल्या माणसाचा.

दिवसभर तिने दुसऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांत 'वरील मजकूर खरा आहे' असं बडवलं होतं. आता तिला स्वतःलाच विचारायचं होतं, आणि उत्तर तर तिला केव्हापासून माहीत होतं. यादीत नाव घालायचं म्हणजे नऊ हजार माणसांसमोर म्हणायचं, गणराज माझा कोणी नाही. गाळायचं म्हणजे त्या म्हाताऱ्याचं हक्काचं नाव खोडायचं. तेही स्वतःच्या हाताने.

मग तिने 'खाडीपल्याड'ची ओळ पुसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच मिनीडोर पकडली.

गणराज लाकूड आणायला गेला होता. येसाजी एकटाच.

"काका, मला तुमचं नाव यादीत लिहिता येणार नाही."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "होडी बसली न्हाय मनात?"

"होडी बसली हो." पदर नव्हता, म्हणून सोनलने ओढणीचं टोक पिळलं. "तुमचा मुलगाही बसला. आणि आपल्या माणसाचा सिनेमा मी घेत नाही."

खाडीत एक बगळा उतरला, चार पावलं चालला, उडाला.

"चाळीस वरसं झाली," अखेर येसाजी म्हणाला. "एवढ्या होड्या बांधल्या. होडीवर नाव कुनाचं? देवाचं, मालकाचं, मालकाच्या पोरीचं. सुताराचं कोन लिवतंय? आता कागदावर येनार व्हतं."

सोनलचे डोळे भरले. "तुम्ही म्हणत असाल तर मोडते नियम. एकदाच. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"तुला कळंल." येसाजीने कापसाची वात पुन्हा उचलली. "मला म्हनले व्हते सिनेमावाले, कच्ची बांधा, कुनाला दिसनार न्हाय. म्यां बांधली? मंग तू कशाला कच्चं करतेस, बाय?"

तेवढ्यात टेम्पो आला. गणराज फळ्यांवरून उडी मारून उतरला, तिला बघून खुलला. तिचा चेहरा बघून थबकला.

"यादीत घेतला न्हाय तुझा सिनेमा," बापाने गंभीर तोंडाने सांगितलं. "का न्हाय, ते तिलाच इचार. मी चा पिऊन येतो." आणि तो खरंच निघून गेला.

गणराजने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. स्वच्छ असलेले हात परत पुसले. "आवडला न्हाय का सिनेमाचा टेलर?"

"नियमात बसत नाही."

"कंच्या?" त्याने मोजत बोटं दुमडायला घेतली, आवाज जरा चढला होता. "पयला. तिकीट आमी फुकट दिलं न्हाय. दुसरा. तुमी बघितला न्हाय, मला मेल्याला शेवटसुदा सांगू दिला न्हाय. र्‍हायला तिसरा..."

बोट दुमडायचं राहिलं. कान खालून वर लाल व्हायला लागले.

"तिसरा," सोनल म्हणाली.

"कदीपासून?"

"काय माहीत... कुठूनतरी थोडंथोडं झिरपत होतं."

"मंग येळेवर कापूस ठासायचा."

"तुम्हाला येतं ते काम. मला नाही."

तो हसला. पण हसू मध्येच अडलं आणि एकदम साधेपणाने तो म्हणाला, "माझी होडी बुडत न्हाय म्हनून मी गावभर सांगत फिरतो, सोनल. मी सोता पार पोर्चमधीच बुडलेलो."

त्याने तिला नावाने हाक मारली होती. पहिल्यांदाच. दोघांच्याही ते एकाच वेळी लक्षात आलं. तिने हात पुढे केला, त्याने धरला. तळवा खरखरीत होता, राळेचा वास येत होता, आणि तिला त्या क्षणी जगातल्या कुठल्याही शुक्रवारची घाई नव्हती.

यादी सोमवारी निघाली. त्यात नऊच सिनेमे होते. दहाच्या आकड्यापुढे एवढंच होतं: 'हा सिनेमा मी पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत बघणार आहे. नाव देता येत नाही. नियम तिसरा.' तासाभरात तिचा फोन तापला. नऊ हजार माणसांना तिसऱ्या नियमाचा माणूस कोण ते हवं होतं. आत्याचाही मेसेज आला: 'आता कळलं कसं वाटतं ते?' आणि मागोमाग दुसरा: 'कधी आणतेस घरी?'

मंगळवारी रजा टाकून ती गणराजबरोबर रेवसच्या धक्क्यावर गेली, तेव्हा भाऊच्या धक्क्याहून आलेली लाँच नुकतीच लागत होती. माणसं उतरत होती. चहाच्या टपरीपाशी येसाजी उभा होता आणि टपरीवाला मोबाइल नाकाशी धरून, गाव गोळा करून त्याची खेचत होता.

"येसाजीबाबा, नऊ नावं वाचली. मागनं पुडनं वाचली. तुमचं कुटं हाय?"

गणराज पुढे व्हायला गेला. सोनलने त्याची बाही धरली.

येसाजीने सावकाश चहा संपवला. ग्लास ठेवला. मग उतरणाऱ्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा बेताने, छाती पुढे काढून म्हणाला,

"नऊ कुनाची बी असूं दे. खाली ती दहावी मोकळी जागा हाय ना? ती आमची."