भैरवकड्यावरचा बेलभंडार

सह्याद्रीच्या ऐन धारेवर, जिथे सोनखोऱ्याचे चिमुकले राज्य संपून वरघाटच्या बलाढ्य राज्याची सीमा सुरू होई, तिथे सोनखोऱ्याचा भैरवकडा किल्ला उभा होता. चैत्रातली पहाट उजाडत होती. खोऱ्यातले धुके अजून हलले नव्हते आणि त्यातून वरघाटच्या फौजेच्या राहुट्यांचे कळस तेवढे वर आले होते. त्या फौजेने तोफ डागली नव्हती की तटाला शिडी लावली नव्हती. तिने फक्त घाट रोखला होता, मिठाचे आणि धान्याचे तांडे अडवले होते, आणि सोनखोऱ्याच्या राजांना निरोप धाडला होता: सुभानरावाला हवाली करा, घाट मोकळा होईल.

सुभानराव घोरवडे हा वरघाटचाच सरदार. खंडणी न भरणारी गावे जाळण्याचा हुकूम त्याने भर दरबारात धुडकावला आणि तो भैरवकड्याच्या आश्रयाला आला. किल्लेदार मानाजी खरवते यांनी भैरवाच्या देवळात शपथेचा बेलभंडार उचलून त्याला अभय दिले होते. त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी त्याला पाटावर बसवून ओवाळले होते आणि भाऊ म्हटले होते.

त्याच सगुणाबाई आता राजधानीत होत्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला राजांनी मेणा पाठवून त्यांना सन्मानाने नेले होते, आणि परतायची गोष्ट निघाली की राणीसाहेब हसून म्हणत, "एवढी घाई कसली?" महालाच्या दारांवर पहारे बसले होते. कैद हा शब्द मात्र कोणी उच्चारला नव्हता.

सूर्य कड्यावर आला तेव्हा राजांचे कारभारी अंताजीपंत गडावर दाखल झाले. सदरेवर बसून त्यांनी रेशमी रुमाल उलगडला. आत सगुणाबाईंची नथ होती.

"बाईसाहेबांनी पाठवली आहे," पंत मृदू स्वरात म्हणाले. "निरोप आहे की, मला सोडवा. पाहुण्यापायी घरचं माणूस गमावू नका."

"हे शब्द त्यांचे?"

"या कानांनी ऐकले, किल्लेदार. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

पंतांनी रुमाल किल्लेदारांपुढे सरकवला. "राजे कठोर नाहीत. पण त्यांच्याही मानेवर कुणाचा तरी पाय आहे. तो दाबला गेला की खालच्याचा श्वास कोंडायचाच."

तोफेच्या तोंडासमोर ज्यांची पापणी कधी लवली नव्हती, त्या मानाजींनी ती नथ मुठीत घट्ट धरली. ते उठले आणि सुभानरावाच्या ओवरीकडे चालू लागले.

"सुभानराव, पायथ्याशी सलुखाची बोलणी आहेत. राजांनी आपल्याला बोलावलं आहे. जिवाला धोका नाही."

"तलवार बरोबर घेऊ?"

"नको. बोलणीच तर आहेत."

सुभानरावाने तलवार सोडून त्यांच्या हाती दिली. "तर मग ही आपल्यापाशी राहू द्या. भैरवासमोर आपण शब्द दिलात, त्या दिवसापासून मी दाराला कडी लावून निजलो नाही."

मानाजींनी नजर वळवली.

घाटाच्या तोंडाशी वरघाटच्या स्वारांनी त्याला घेरले. सुभानराव झगडला नाही. सोबत आलेल्या गडाच्या जमादाराकडे वळून तो एवढेच म्हणाला, "किल्लेदारांना सांगा, मागितलं असतं तर मी आपण होऊन उतरलो असतो. फसवायची गरज नव्हती." दुपारी तळावर त्याचा शिरच्छेद झाला.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाईंचा मेणा गड चढून आला. दरवाजात मानाजी उभे होते; त्यांच्यासमोरच त्या उतरल्या. डाव्या नाकपुडीवर रक्त वाळले होते, पण चेहरा उजळला होता.

"आपण डगमगला नाहीत, म्हणूनच राजांना मला सोडावं लागलं!" त्या म्हणाल्या. "भर दरबारात मला उभं केलं होतं. गडावर निरोप धाडा म्हणाले. मी सांगितलं, माझा जीव गेला तरी पाहुणा देऊ नये, हाच माझा निरोप. तेव्हा दासींनी नथ ओढून काढली." मग त्यांनी आजूबाजूला पाहिले. "सुभानभाऊ कुठे आहेत?"

जमादाराने मान खाली घातली.

"पंत म्हणाले, सोडवा असा तुमचा निरोप आहे," मानाजी कसेबसे म्हणाले. "तुम्ही रडत होता म्हणाले."

सगुणाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"आणि आपल्याला ते खरं वाटलं?"

उंबऱ्यावर ठेवलेले पाऊल सगुणाबाईंनी मागे घेतले. मेणा तिथेच सोडून त्या पायी घाट उतरल्या, शत्रूच्या तळात शिरल्या, आणि ‘मी त्याची बहीण आहे’ म्हणून त्यांनी सुभानरावाचा देह मागून घेतला. त्यांना अडवायला कोणी धजले नाही. चितेला अग्नी त्यांनीच दिला.

घाट मोकळा झाला. पण एकदा वाकलेली मान वरघाटने पाहिली होती. पावसाळ्याआधीच भैरवकडाच मागणारा खलिता आला आणि राजांनी तोही हुकूम गडावर धाडला. या वेळी मानाजींनी दरवाजे बंद केले. मूठभर माणसांनिशी ते लढले आणि पहिल्या बुरुजाच्या ढासळत्या दगडांत, तलवार हाती असतानाच, पडले.

पायथ्याच्या गावात राहणाऱ्या सगुणाबाईंना ही खबर जमादाराने दिली. "धनी वाघासारखे झुंजले, आईसाहेब," तो म्हणाला.

"ते शूर होते, हे मला ठाऊकच होतं, बाबा," सगुणाबाई म्हणाल्या. "त्यांना मी ठाऊक नव्हते."