सर्व लांब

धाकटी आता नावापुरतीच धाकटी होती. केस पिकले होते, चष्मा जाड झाला होता आणि कामावर सगळे तिला ताई म्हणत. पण घरात एकदा धाकटी ठरली ती ठरलीच. मोठी बहीण लग्न होऊन परदेशी गेली, वडील गेले, घरात म्हातारी आई आणि ती अशा दोघीच उरल्या, तरी तिचं नाव काही बदललं नाही. आई तेवढी तिला चिमी म्हणायची. म्हणजे, पूर्वी म्हणायची. अलीकडे आई तिला काहीच म्हणत नव्हती.

रुग्णवाहिकेत जे रेडिओ संच बसवतात, ते तपासायचं तिचं काम. गाडी दवाखान्यापासून लांब गेली की संच कुठवर बोलतो आणि कुठं मुका होतो, ते आधी कळायला हवं. त्यासाठी रस्त्यावर गाड्या पळवत बसायला कुणाला सवड आहे? म्हणून प्रयोगशाळेत एक पोलादी पेटी होती. मागच्या बाजूला रांगेनं तोंडं, प्रत्येक तोंडाला जाड केबल, केबलच्या टोकाला एकेक संच. कुठला संच कुठल्या संचाला जोडायचा, ते ही पेटी ठरवायची. त्यामुळे सगळे तिला जुळवणीबाई म्हणत. शिवाय प्रत्येक मार्गावर एक अटेन्यूएटर होता. रेडिओचा आवाज बारीक करायला बटण असतं ना, तसाच, फक्त हा लहरीच बारीक करायचा. आकडा शून्य म्हणजे दोन संच शेजारी शेजारी. आकडा चढवत नेला की एक संच दूर दूर चाललाय असं दुसऱ्याला वाटायचं. दोघे असायचे एकाच टेबलावर, पण मध्ये कित्येक मैल.

हे सगळं लॅपटॉपवरून चालायचं, म्हणून तर तिला घरून काम करता येत होतं. आईचं विसरणं वाढलं तेव्हा तिनं तशी परवानगी मागून घेतली. केबली काढायला-घालायला तिकडे बुवा होते. बुवा म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. टक्कल, गळा गोड, काम करताना सतत गुणगुणणं. तिचा निरोप गेला की ते केबल बदलायचे आणि फोनवर म्हणायचे, "घ्या ताई, लावून दिली सोयरीक. आता नांदवा."

दोन नियम तिनंच घालून दिले होते. पहिला असा की मोकळ्या तोंडावर पितळी टोपी चढवायची, नाहीतर वाटेल ते आत शिरतं. दुसरा, जो शेवटी निघेल त्यानं 'सर्व लांब'चं बटण दाबून निघायचं. मागे एकदा कुणी मार्ग शून्यावर ठेवून गेलं होतं, सकाळी दुसऱ्यानं संच चालू केला आणि समोरचा महागडा संच जळून गेला. तेव्हापासून संध्याकाळ झाली की सगळ्या मार्गांचे आकडे एकेक पायरीनं, सावकाश, पार टोकापर्यंत चढत आणि सकाळी काम सुरू झालं की पुन्हा खाली येत. घरून काम सुरू झाल्यावर हे बटण बहुतेक तीच दाबायची. बुवा लवकर निघत, पण थांबले तर जुन्या सवयीनं तेही दाबत.

आई दिवसभर बरी असायची. मावशीच्या, म्हणजे तिला सांभाळायला येणाऱ्या बाईच्या हातून खायची, खिडकीतून रस्ता बघायची, मावशीशी काहीबाही बोलायची. संध्याकाळ झाली की मात्र उतरायची. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. डॉक्टर म्हणाले, "दिवस मावळला की अशा पेशंटचं असंच होतं. फार मनाला लावून घेऊ नका."

तिनं घेतलंही नाही. पण एके दिवशी प्रयोगशाळेत विजेचं काम निघालं आणि तिनं भर दुपारीच 'सर्व लांब' केलं. आत आई मावशीला मटार सोलायला शिकवत होती.

"अगं, अंगठ्यानं दाब. नखानं नको, नखानं..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. धाकटी उठून गेली. आईच्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

ती हिशेबी बाई होती. योगायोग कशाला म्हणतात ते तिला ठाऊक होतं आणि तो तपासायचा कसा, तेही ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात मार्गांची नेहमीची पडताळणी होती. तिनं खोलीचं दार उघडं ठेवलं, लॅपटॉप आईच्या पलंगापाशी आणला आणि एकेक मार्ग लांब नेऊन परत जवळ आणला. आई खिडकीतून बघत मावशीला सांगत होती, समोरच्या दुकानदाराचा कुत्रा कसा मालकासारखाच चालतो. पहिला मार्ग, दुसरा, तिसरा. कुत्र्याची गोष्ट चालूच. दहावा झाला. अकरावा मार्ग मोकळा होता. त्याला संच नव्हता, तोंडावर नुसती टोपी. तिनं आकडा चढवायला सुरुवात केली. आईचा आवाज बारीक झाला, मग तुटक झाला, मग थांबला. तिनं आकडा उतरवला.

"...आणि शेपूटसुद्धा तशीच तिरकी," आई म्हणाली.

तिनं पुन्हा करून पाहिलं. नंतर आणखी एकदा. त्या शेवटच्या खेपेला तिची तिलाच लाज वाटली.

आजवर ती अकराव्याला कधी शून्यावर न्यायची नाही, कशाला न्यायचं? मोकळाच तर होता. त्या दिवशी तिनं तो शून्यावर नेला. आई मानेनं वळली, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "चिमे, चष्मा कधी लागला गं तुला?"

पेटीत आणखी एक सोय होती, पकड. आपला मार्ग आपल्या नावानं धरून ठेवायचा, मग 'सर्व लांब'सकट दुसरा कुठलाच हुकूम त्याला लागू होत नाही. तिनं अकराव्यावर पकड घातली. त्या संध्याकाळी 'सर्व लांब' झालं, बाकी सगळे आकडे चढले, अकरावा तेवढा शून्यावर राहिला. आईनं दिवे लागल्यावर विचारलं, आज जेवायला काय आहे, आणि जेवताना मीठ कमी म्हणून नाक मुरडलं.

ते दिवस मग बहरले. मोठीचा फोन आला तर आई तिला दरडावून म्हणाली, "पैशाची मिजास मला दाखवू नकोस, आधी वजन कमी कर." मोठी तिकडे हसत रडली. आईला जुनं सगळं आठवत होतं. घरातला लाकडी रेडिओ आठवत होता. तो आई शेजारी उभी असली की स्वच्छ लागायचा आणि ती स्वयंपाकघरात गेली की खरखरायचा. मग दोघी बहिणी ओरडायच्या, "आई, हलू नको ना!" आणि आई बिचारी पिठाचे हात तसेच धरून, श्रुतिका संपेपर्यंत रेडिओवर कोपर टेकवून उभी राहायची. मैदानावरून हाक मारून बोलवायची तेही तिला आठवत होतं. गच्चीच्या कठड्याला टेकून, तोंडाशी हातांचा भोंगा करून, लांबवर मारलेली हाक. चिमेऽऽ.

बुवांचा फोन आला तो अशाच एका दुपारी.

"ताई, अकराव्याला काय लावलंय तुम्ही?"

"काही नाही. मोकळा आहे."

"मग टोपी गरम कशी? हात लावला तर चटका बसला मला. टोपी गरम व्हायला काहीतरी पोटात जायला लागतं की नाही?"

"राहू द्या बुवा. मी बघते."

"तुम्ही घरी बसून काय बघणार? मीच बघतो. ते बाराव्याचं कार्डही आलंय, तेही बसवून टाकतो."

बारावा मार्ग फार दिवसांपासून मेलेला होता. कार्ड तिनंच मागवलं होतं, मार्गांत खंड नको म्हणून.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. बुवा गुणगुणत नव्हते.

"मीटर लावलाय अकराव्यावर. काहीतरी येतंय आत. चढतंय, उतरतंय. अगदी सावकाश. बाहेरचं काय शिरतंय कळत नाही."

धाकटी आईकडे बघत होती. आई दुपारची झोपली होती. पांघरूण चढत होतं, उतरत होतं.

"आत्ता चढलं," बुवा म्हणाले. पांघरूण चढलं. "आत्ता उतरलं."

"बरं," ती म्हणाली.

"आणि गंमत ऐका. बाराव्यावरपण आहे. कार्ड बसवल्या बसवल्या चालू. हे मात्र भराभर चाललंय. जिना चढून आल्यासारखं."

तिनं श्वास रोखला.

"थांबलं," बुवा म्हणाले. "बंदच पडलं बघा."

तिनं श्वास सोडला.

"नाही नाही, आलं परत. ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय. बुवा, आज निघताना सर्व लांब करू नका."

"का? नियम तुमचाच."

"मी करते नंतर. तुम्ही नुसतं निघा."

"बरं. मला आज नातीला आणायला जायचंय, तेवढंच एक काम कमी."

तिनं फोन ठेवला. बाराव्यावर पकड घालायची म्हणून लॅपटॉपकडे हात नेला, इतक्यात आई उठून बसली आणि म्हणाली, "काय झिंज्या झाल्यात गं तुझ्या. आण तो कंगवा."

"आई, एक मिनिट..."

"तुझं मिनिट मला ठाऊक आहे. बस इथं."

किती वर्षांत तिच्या केसांना आईचा हात लागला नव्हता. ती पलंगाच्या कडेला, आईकडे पाठ करून बसली. लॅपटॉप समोरच टेबलावर होता, हात पोचणार नाही असा. आईनं केस मोकळे केले, भांग पाडला, तीन पेड काढले. जुना नियम होता, वेणी अर्धी असताना उठायचं नाही. उठलं की टपली.

"विरळ झाले गं," आई म्हणाली. "तुझ्या आत्याचं वळण. मी म्हटलंच होतं, तू त्यांच्या वळणावर जाणार."

धाकटी हसली. डोळे मिटून बसली. कितीतरी वेळ बसली असेल. खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवर चढलं. पकडीचं ती पार विसरून गेली होती.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावरचे आकडे हलत होते.

सगळ्या मार्गांचे. एकेक पायरी, सावकाश. बुवांनी सवयीनं बटण दाबलं होतं. किती वर्षांची सवय, दार ओढून घेता घेता हात आपसूक गेला असणार. अकरावा शून्यावर होता. तिची पकड होती त्याच्यावर. बारावा चढत होता.

"आई, सोड. उठू दे."

"हलू नकोस," आई म्हणाली.

आईचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आला. केसांतली बोटं हलकी झाली. आधी नुसता स्पर्श, मग वारा लागावा तसं काहीतरी. मग तेही नाही.

ती उठली. टपली बसली नाही.

टेबलापाशी खुर्चीत बसून तिनं बाराव्यावर पकड घालून पाहिली. पडद्यावर उत्तर आलं, हा मार्ग सध्या दुसऱ्याकडे आहे. काम पूर्ण होईपर्यंत थांबा.

तिनं बुवांना फोन लावला. तिकडे रस्त्याचा गलका होता.

"हॅलो? हॅलो ताई? बोला की. आवाज येत नाही तुमचा. लांब कुठं गेलात का?"

ती ओरडली. तिच्या स्वतःच्या कानाला ते धड ऐकू आलं नाही.

"घरी पोचून लावतो," बुवा म्हणाले आणि फोन बंद झाला.

आकडा टोकाला जाऊन थांबला. पडद्यावर 'काम पूर्ण' आलं.

तिनं पकडीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बोटाखालची कळ खाली जात नव्हती.

आई पलंगावर बसली होती. डोळे लख्ख, चेहरा अगदी पूर्वीसारखा. हातातल्या कंगव्याकडे तिनं एकदा पाहिलं, मग खोलीभर पाहिलं, खुर्चीकडेही पाहिलं. मग तिनं तोंडाशी हातांचा भोंगा केला.

"चिमेऽऽ!"

"ओऽ," धाकटी म्हणाली. "आई, ओ!"

मावशी हात पुसत आत आली.

"काय झालं आजी? कुणाला हाक मारताय?"

"चिमीला. दिवस मावळला, अजून घरी नाही आली."

"येतील हो. इथंच गेल्या असतील कुठं तरी." मावशीनं आईच्या हातातला कंगवा काढून घेतला. मग ती टेबलाशी आली. "हे बघा, लॅपटॉप चालूच टाकून गेल्या."

तिनं झाकण मिटवलं. मग खुर्चीवरची शाल उचलून, नीट झटकून, तिची घडी केली.

शाल धाकटीच्या खांद्यांवर होती.