कंसातला पाऊस

चिमणी अर्ज घेऊन कार्यालयाच्या रांगेत उभी होती. वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.तून नाव काढून घेण्याचा अर्ज. सहा महिन्यांपूर्वीच्या तापाने तिचे दोन्ही कान गेले, आणि लहानपणी ज्या बडबडीमुळे दादाने तिला हे नाव दिलं होतं, ती बडबडही थांबली. सर फळ्याकडे तोंड करून शिकवत. ओठ वाचणार तरी कसे?

पुढचा उंच तरुण वळला, काहीतरी म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं. तिने कानाला हात लावून मान हलवली. तो ओशाळला... मग वही काढून भराभर लिहिलं, ‘आधी कोर्टात टाइपिस्ट होतो. आता इथल्या सहायता केंद्रात रुजू व्हायचंय. ऐकू न येणाऱ्यांसाठी वर्गातलं बोलणं टाइप करायचं. पण केंद्रच सापडत नाही!’

तिने ते दोनदा वाचलं. असं काही केंद्र आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्जाची घडी पर्समध्ये गेली आणि दोघं मिळून केंद्र शोधायला निघाले.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या शेजारी बसू लागला. सरांचा शब्द न् शब्द लॅपटॉपच्या पडद्यावर उमटे. आणि अधूनमधून कंसात — ‘(सर खोकले.)’ ‘(मागच्या बाकावर कुणीतरी घोरतंय.)’ ‘(बाहेर पाऊस. आधी पानांवर, आता पत्र्यावर.)’

तिने खिडकीकडे पाहिलं. काचेवरचे थेंब ती रोजच बघायची. आज ते वाजले.

‘हेही टाइप करायचं असतं?’ तिने वहीत लिहिलं.

‘तुमचं काही सुटू नये, एवढंच,’ तो पडद्यावर उत्तरला. कानाच्या पाळ्या मात्र लाल.

परीक्षा जवळ आली तशी त्याच्या टिपणांत भोकं पडू लागली. एकदा तर प्रकाशसंश्लेषण अर्ध्यावरच तुटलं. तिने भुवया उंचावल्या. त्याने नजर चोरली.

तोंडी परीक्षेला तिला बोलावंच लागणार होतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो चिरका निघेल, लोक हसतील... परीक्षकांचे प्रश्न पडद्यावर आले, खाली एक कंस — ‘(कुणी हसत नाहीये. बोला.)’

ती बोलली. पाऊण तास बोलली! परीक्षकबाई उठून हात मिळवायला आल्या.

बाहेर व्हरांड्यात तिला हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. त्याच भरात तिने विचारलं, “प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी कुठे बघत होता तुम्ही?”

व्हरांड्यातली सगळी माणसं वळली. त्याने घाईघाईने टाइप केलं, ‘जरा हळू! ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून बघितलं.’

“बघू दे. कुठे बघत होता?”

‘तुमच्याकडे. म्हणून केंद्रात कालच सांगितलंय, पुढच्या सत्रात तुम्हाला दुसरा टाइपिस्ट द्या. माझ्यामुळे तुमचा अभ्यास बुडायला नको.’

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे... तुम्ही येणार नाही?”

त्याने लॅपटॉप मिटला. तिच्यासमोर, उजेडात उभा राहिला, आणि एकेक शब्द सावकाश ओठांवर आणला —

“वर्गात नाही. वर्ग सुटल्यावर... रोज.”

“परत सांगा,” ती म्हणाली. खरं तर तिला पहिल्याच वेळी नीट कळलं होतं.